हंगाम संपल्यावरचा विदर्भ

गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्लीहून आलापल्ली, आष्टी, चंद्रपूर करत नागपूरला निघालेल्या माणसाला बुटीबोरी मागे पडल्यावर, शहरात शिरायच्या आधीच जामठ्याचं क्रिकेट स्टेडियम दिसतं. प्रवास सुमारे तीनशे किलोमीटरचा. विदर्भाच्या अकराही जिल्ह्यांच्या नावाने जो संघ रणजी करंडक खेळतो, त्याचं हे घर. २६ फेब्रुवारी ते २ मार्च २०२५ या पाच दिवसांत इथे विदर्भ आणि केरळ यांच्यात अंतिम सामना झाला. पहिल्या डावात विदर्भाच्या ३७९, केरळच्या ३४२. सामना अनिर्णित राहिला आणि त्या ३७ धावांच्या आघाडीवर विदर्भाने तिसऱ्यांदा करंडक उचलला.

त्या सामन्याचा धावफलक नीट वाचला तर एक गंमत दिसते. केरळकडून ७९ धावा काढणारा डावखुरा अष्टपैलू आदित्य सरवटे हा मूळ विदर्भाचा. २०१९ साली याच मैदानावर त्याने विदर्भाकडून सौराष्ट्राविरुद्धच्या अंतिम सामन्यात ११ बळी घेतले होते. चेतेश्वर पुजाराला एका डावात १ आणि दुसऱ्या डावात ० वर घरी पाठवलं होतं. आणि २०२५ च्या या सामन्यात विदर्भाकडून ८६ आणि १३५ धावा कुणाच्या? करुण नायरच्या. तो कर्नाटकाचा. घरचा पाहुण्यांकडून खेळत होता आणि पाहुणा घरच्यांकडून.

हा योगायोग नव्हता. मार्चमध्ये स्टंप उपटल्यापासून ऑक्टोबरमध्ये पुन्हा रोवले जाईपर्यंत, नागपूरचं ऊन पंचेचाळीस अंशांवर जातं आणि नंतर मैदानांवर पाणी साचतं, त्या काळात जी फोनाफोनी, बैठका आणि करार होतात, त्यांचं ते फळ होतं. कुणाला दुसऱ्या संघात जायची एनओसी द्यायची, कुणाला बोलवायचं, कोणत्या जागेवर घरच्या पोराची वाट पाहायची, हे सगळं प्रेक्षक नसताना ठरतं. अमेरिकेत बेसबॉलच्या संघांचं हेच काम दर डिसेंबरात भरणाऱ्या मेळाव्यात गाजावाजा करून चालतं. कोणत्या संघाला गोलंदाज हवा, कोणी नवा जनरल मॅनेजर नेमला, यावर तिथले चाहते हिवाळाभर वाद घालतात. आपल्याकडे त्याची बातमी आतल्या पानावर चार ओळींत येते.

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या वाचकाला मात्र हा प्रकार मुळीच नवा नाही. वडशाच्या नाटक कंपन्या दिवाळीनंतरच्या हंगामासाठी आधीच माणसं ठरवून ठेवतात. घरचे नट असतातच; पण गर्दी खेचायला, किंवा जी भूमिका आपल्याकडे कुणाला पेलत नाही तिच्यासाठी, नागपूर-मुंबईहून कलाकार आणतात. क्रिकेट मंडळाचा नियमही असाच हिशेबी आहे. राज्याच्या संघाला बाहेरचे जास्तीत जास्त तीन खेळाडू घेता येतात. बाकीचा संघ आपल्याच मातीतून उभा करायचा. म्हणजे पैसा असला तरी अख्खा संघ विकत घेता येत नाही. तीनच जागा. त्या कुठे खर्च करायच्या, यात खरी अक्कल.

बाहेरून खेळाडू आणण्याची रीत रणजीहूनही जुनी आहे, आणि एकेकाळी नागपूर हे घेणारं नव्हे, देणारं गाव होतं. भारताचे पहिले कसोटी कर्णधार सी. के. नायडू जन्माने नागपूरचे, १८९५ सालचे. १९२३ मध्ये इंदूरच्या होळकरांनी त्यांना आपल्याकडे बोलावून घेतलं. पुढे होळकरांच्या संघाने चार वेळा रणजी जिंकली. १९४४-४५ च्या अंतिम सामन्यात तर त्यांच्याकडून इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन खेळला आणि नाबाद २४९ करून गेला, तरी मुंबईने सामना जिंकलाच. विदर्भ १९५७-५८ पासून स्वतःच्या नावाने खेळू लागला. त्यानंतरची साठ वर्षं अंतिम सामन्याचं तोंडही न पाहता गेली.

बदल एका दिवसात झाला नाही. आधी पाया घातला गेला. नागपुरात निवासी अकादमी सुरू झाली, वयोगटांच्या संघांकडे लक्ष गेलं, २००८ मध्ये जामठ्याच्या स्टेडियमवर पहिली कसोटी झाली. भारताकडून चार एकदिवसीय सामने खेळलेले प्रशांत वैद्य यांच्यासारखी, खेळ आतून माहीत असलेली माणसं क्रिकेट विकासाच्या कामात आली. २०११ मध्ये उमेश यादव कसोटी खेळला, विदर्भाचा पहिलाच. वलनीच्या कोळसा खाणीत काम करणाऱ्या बापाचा हा मुलगा, आधी पोलीस भरतीत नशीब आजमावून आलेला. वेगवान गोलंदाज घरी पिकू शकतो, हे त्याने दाखवून दिलं. न पिकणारी गोष्ट वेगळीच होती: दिवसभर खेळपट्टीवर टिच्चून उभा राहणारा, मोठ्या सामन्यांची सवय असलेला फलंदाज. म्हणून बाहेरच्या जागा बहुतेक फलंदाजांवर गेल्या. तमिळनाडूचा बद्रीनाथ आला, कर्नाटकाचा गणेश सतीश आला आणि २०१५ मध्ये मुंबईहून वसीम जाफर.

जाफरची गोष्ट वेगळी सांगावी लागते. २०१६-१७ चा हंगाम तो दुखापतीमुळे खेळू शकला नाही, तरी संघटनेने त्याच्या कराराचे पैसे दिले. पुढच्या वर्षी तो करार न मागता फुकट खेळला. करारात न लिहिलेली ही परतफेड त्या हंगामात ५९५ धावांच्या रूपाने आली. आणि ड्रेसिंग रूममध्ये जे आलं ते धावफलकात मावणारं नाही. तोवर आठ रणजी अंतिम सामने खेळून आठही जिंकलेला माणूस विशी-बाविशीच्या पोरांशेजारी बसून पॅड बांधत होता. वयाच्या चाळिशीत त्याने इराणी करंडकात शेष भारताविरुद्ध २८६ केल्या. विदर्भाने ७ बाद ८०० वर डाव सोडला.

पण त्या सगळ्या नेमणुकांमध्ये सर्वांत मोलाची नेमणूक बॅट न धरणाऱ्या माणसाची होती, असं म्हणायला जागा आहे. जानेवारी २०१७ मध्ये इंदूरच्या होळकर स्टेडियमवर मुंबईचा संघ गुजरातकडून अंतिम सामना हरला. आदल्याच वर्षी त्याच संघाला करंडक जिंकून देणारे प्रशिक्षक चंद्रकांत पंडित यांना मुंबईने सोडलं. विदर्भाने त्यांना उचललं. पंडित म्हणजे खडूस मुंबई घराण्याचे, शिस्तीला कडक, आळसाला न पोसणारे. सोबतीला गोलंदाजी शिकवायला सुब्रतो बॅनर्जी होतेच.

त्या वर्षी काय झालं ते नागपूरकर अजून तपशिलाने सांगतात. उपांत्य सामना ईडन गार्डन्सवर, समोर कर्नाटक. त्यांना १९८ हव्या होत्या, १९२ वर सगळे बाद. पाच धावांनी विजय. दुसऱ्या डावात रजनीश गुरबानीचे ६८ धावांत ७ बळी; हा गोलंदाज इंजिनिअरिंग शिकलेला. अंतिम सामना दिल्लीशी, मैदान पुन्हा इंदूरचंच, जिथे अकरा-साडेअकरा महिन्यांपूर्वी पंडित हरले होते. गुरबानीने हॅट्ट्रिक घेतली. रणजीच्या अंतिम सामन्यातली ती दुसरीच. अक्षय वाडकरचं पहिलं प्रथम श्रेणी शतक, १३३. अकोल्याचा आदित्य ठाकरे तर त्याच सामन्यात पदार्पण करत होता. १ जानेवारी २०१८ रोजी विदर्भ नऊ गड्यांनी जिंकला. दिल्लीकडून त्या सामन्यात १४५ धावा काढणारा ध्रुव शोरे २०२३ मध्ये विदर्भाच्याच संघात आला, हेही इथेच नोंदवून ठेवावं. चांगला प्रतिस्पर्धी लक्षात ठेवणं हादेखील भरतीचाच भाग.

पुढच्या वर्षी पुन्हा करंडक. जाफरच्या १०३७ धावा, सरवटेचे अंतिम सामन्यातले ते अकरा बळी. मग घसरण. २०१९-२०, २०२१-२२, २०२२-२३ या तिन्ही हंगामांत (मधला एक करोनाने खाल्ला) विदर्भ उपांत्यपूर्व फेरीतही नव्हता. पंडित मध्य प्रदेशाकडे गेले आणि २०२२ मध्ये त्यांनी त्या संघालाही पहिला करंडक मिळवून दिला; जाफरने निवृत्ती घेतली. दोघे गेले म्हणून संघ पडला, असा सोपा निष्कर्ष काढायचा मोह होतो. तो चुकीचा आहे, कारण २०१९-२० मध्ये दोघेही इथेच होते आणि तरी संघ बाद फेरीत पोचला नाही. झालं असं की तेच गोलंदाज, तेच फलंदाज एका पिढीबरोबर वय वाढवत गेले आणि त्यांच्या मागची रांग अजून पुरती तयार नव्हती.

ती तयार व्हायला चार-पाच वर्षं लागली. दरम्यान मुख्य प्रशिक्षकाच्या जागेवर मुंबईचा कुणी नव्हे, तर विदर्भाकडूनच खेळलेले उस्मान घनी आले. कर्णधारपद वाडकरकडे गेलं. बाहेरच्या जागेवर २०२३ मध्ये करुण नायर. इंग्लंडविरुद्ध त्रिशतक ठोकलेला हा फलंदाज तेव्हा कर्नाटकाच्या संघातूनही वगळला गेला होता. डिसेंबर २०२२ मध्ये त्याने क्रिकेटकडे आणखी एक संधी मागितल्याचं समाजमाध्यमावर जाहीर लिहिलं होतं. ज्या मालाला बाजारात भाव नाही तो घ्यायला हिंमत लागते. पहिल्याच वर्षी विदर्भ अंतिम सामन्यात पोचला आणि वानखेडेवर मुंबईकडून १६९ धावांनी हरला. दुसऱ्या वर्षी नायरने रणजीत ८६३ धावा केल्या, विजय हजारे करंडकात पाच शतकांसह ७७९, आणि आठ वर्षांनी भारताच्या कसोटी संघात परतला.

तरीही २०२४-२५ चं खरं वैशिष्ट्य नायर नाही. त्या हंगामात रणजीत सर्वाधिक धावा काढल्या यश राठोडने, ९६०. अंतिम सामन्यात २४ धावांत तीन गडी बाद झाल्यावर डाव सावरला तो दानिश मालेवारच्या १५३ धावांनी. नायर त्याच्या जोडीला होता. आणि सरवटे केरळला गेल्यामुळे डावखुऱ्या फिरकीची जी जागा मोकळी झाली, ती विदर्भाने बाहेरचा माणूस आणून भरली नाही. तिथे हर्ष दुबे उभा राहिला आणि त्याने ६९ बळी घेतले. एका रणजी हंगामात इतके बळी त्याआधी कुणीच घेतले नव्हते. एक उत्तम खेळाडू जाऊ दिला आणि त्याच जागेवर विक्रम झाला. कोणत्याही संघाच्या कार्यालयाला हेवा वाटावा अशी ही गोष्ट.

२०२५ च्या पावसाळ्यात पुन्हा तीच उलथापालथ. नायर कर्नाटकाला परत गेला. अमरावतीचा यष्टिरक्षक जितेश शर्मा बडोद्याकडे. ऑक्टोबरात इराणी करंडकासाठी शेष भारताचा संघ नागपुरात आला तेव्हा विदर्भाकडून पहिल्या डावात १४३ केल्या अकोल्याच्या अथर्व तायडेने, आणि विदर्भ ९३ धावांनी जिंकला.

अकोला, अमरावती, आणि दोन्ही हातांनी फिरकी टाकणारा अक्षय कर्णेवार ज्या गावचा ते पांढरकवडा. या नावांवरून संघ नागपूरच्या बाहेर किती पोचला ते कळतं. पण ही सगळी गावं नागपूरच्या पश्चिमेला नाहीतर हैदराबादच्या हमरस्त्यावर आहेत. लेदर बॉलचं क्रिकेट ही महागडी गोष्ट आहे. टर्फ विकेटला पाणी, रोलर आणि ती राखणारा माणूस लागतो. किटला हजारो रुपये लागतात. निवड चाचणीला जायचं तर एटापल्लीच्या मुलाचा जाण्यायेण्यातच दोन दिवसांचा खाडा.

उलट गडचिरोलीच्या या भागात खेळाडू शोधायची एक शिडी कधीपासून उभी आहे, फक्त ती क्रिकेटची नाही. आश्रमशाळांच्या क्रीडा स्पर्धा आधी प्रकल्पस्तरावर होतात, एटापल्ली तालुक्यासाठी तो भामरागड प्रकल्प; मग विभागस्तर, मग राज्यस्तर. कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल, धावणं, गोळाफेक. गडचिरोली पोलीस वीर बाबूराव शेडमाके यांच्या नावाने कबड्डीच्या आणि बिरसा मुंडा यांच्या नावाने व्हॉलीबॉलच्या स्पर्धा भरवतात. बोनस रेषेच्या कडेवर पाय रोवून शरीर वळवणारा चढाईपटू, किंवा नेटवर हवेत थांबल्यासारखा वाटणारा स्मॅशर, यांच्या खांद्यात आणि मनगटात काय आहे ते पारखी नजरेला दिसू शकतं.

हे स्वप्नरंजन नाही. बेसबॉलवाल्यांनी हे करून पाहिलं आहे. २००८ मध्ये रिंकू सिंग आणि दिनेश पटेल ही भालाफेक करणारी दोन भारतीय मुलं, ज्यांनी बेसबॉल हातातही धरला नव्हता, वेगाने फेकण्याच्या एका स्पर्धेतून निवडली गेली आणि त्याच वर्षी पिट्सबर्ग पायरेट्सने त्यांना करारबद्ध केलं. ती मुख्य लीगपर्यंत पोचली नाहीत. पण ती स्पर्धा भरवणारे अर्ध्या जगापलीकडे खांदे शोधत आले होते, आणि जामठ्याहून एटापल्ली एका दिवसाच्या प्रवासावर आहे.

अडचण आहे ती वेळापत्रकाची. तेंदूपत्त्याच्या दिवसांत एटापल्लीची तरुण मंडळी जंगलात असते, पावसाळ्यात धानाच्या बांधीत. खेळ रंगतात ते धान कापून झाल्यावर, डिसेंबर-जानेवारीत. नेमक्या त्याच महिन्यांत विदर्भाचे निवडकर्ते आणि प्रशिक्षक विजय हजारे आणि रणजीच्या धामधुमीत देशभर फिरत असतात. तेव्हा हे काम त्यांच्यापैकी कुणाच्या गळ्यात मारून चालणार नाही. त्यासाठी पगारी माणूस वेगळा नेमावा लागेल, ज्याची ड्यूटी जामठ्यात नसेल, आलापल्लीच्या पलीकडे असेल, आणि ज्याला तिथली माडिया भाषा बोलता आली तर उत्तम. विदर्भाच्या पुढच्या उन्हाळ्यातल्या बैठकीत बाहेरून कोणता फलंदाज आणायचा यावर चर्चा होईलच. या पदाचा विषयही त्याच बैठकीत घेता येईल.