लाल दिव्यांचा मुखवटा

शनिवार पेठेतल्या आमच्या मावशीने परवा खोक्यातून त्वचेच्या उपचाराचा पांढरा मुखवटा काढला. आतून लाल एलईडींच्या बारीक रांगा. "देवघरातला झिरोचा लाल बल्ब चेहऱ्याजवळ धरला तर नाही का चालणार गं?" तिने विचारलं. नाही चालणार. रंगवलेल्या काचेचा तो बल्ब फार मंद. आणि शेकायचा इन्फ्रारेड दिवा मुख्यतः उष्णता देतो. त्याचं काम वेगळं.

मुखवट्यातला प्रकाश साधारण 630 ते 660 नॅनोमीटर तरंगलांबीचा असतो. तो कातडीत थोडा आत शिरतो, पेशींतल्या मायटोकाँड्रियांना ऊर्जा तयार करायला चालना देतो आणि त्यातून कोलॅजन वाढतं, असं मानतात. 1967 च्या सुमारास बुडापेस्टमध्ये एंद्रे मेस्टर यांनी उंदरांच्या भादरलेल्या पाठीवर लाल लेसर सोडला, तर तिथे केस लवकर उगवले. या उपचाराचं मूळ तिथे आहे. आज बारीक सुरकुत्यांवर आणि सौम्य मुरुमांवर थोडा फायदा दिसतो, तोही काही आठवडे नेमाने वापरल्यावर.

मला काळजी वाटते ती वांगाची. आपल्या सावळ्या-गव्हाळ कातडीवर उष्णतेने आणि तीव्र उजेडाने डाग गडद होऊ शकतात. मावशीच्या दोन्ही गालांवर वांग आहे, म्हणून मी मुखवटा तूर्त खोक्यात ठेवायला लावला. आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवू. कातडी उजेडाला हळवी करणाऱ्या डॉक्सिसायक्लिनसारख्या गोळ्या चालू असतील, तरी आधी विचारायचं.

मुखवट्यासोबत आलेल्या डोळ्यांवरच्या रबरी झाकण्या मावशी फेकायला निघाली होती. त्या मी काढून ठेवल्यात.