धुराड्यातील काजळी

‘बंब हल्ली नीट पेटत नाही, धूर सगळा न्हाणीघरात येतो’, ही तक्रार शिवाजी पेठेतील जुन्या घरांत पुष्कळांनी ऐकली असेल. दोष बहुधा लाकडावर जातो, नाहीतर पेटवणाऱ्यावर. खरा दोषी मात्र नळ्यात दडलेला असतो. गॅस, वीज आणि सौरऊर्जा आली, तरी तांब्याचा बंब सर्वस्वी हद्दपार झालेला नाही. आणि जेथे लाकूड जळते तेथे धुराड्याची निगा राखणे आलेच.

धूर म्हणजे काय? जळायचे राहून गेलेले लाकूड म्हणजे धूर. लाकूड तापले की प्रथम त्यातील पाण्याची वाफ होते. मग ज्वालाग्राही वायू आणि डांबरी द्रव्यांच्या वाफा निघतात. पुरेशी उष्णता व हवा मिळाली तर त्या ज्वाळेतच जळून जातात. न मिळाली तर वर चढतात, आणि भाताच्या झाकणावर पाण्याचे थेंब धरावेत तशा थंड भिंतीवर जमतात. या काळ्या, चिकट, उग्र वासाच्या थराला क्रिओसोट म्हणतात. १८३२ च्या सुमारास रायखेनबाख या जर्मन रसायनज्ञाने लाकडाच्या डांबरातून एक द्रव वेगळा काढला. त्याने मांस सडत नाही, म्हणून ‘मांसरक्षक’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून त्यास हे नाव मिळाले.

आता आपल्या बंबाची रचना पाहा. मधोमध नळा, त्याच्या भोवती पाणी. उघडे पाणी शंभर अंशांच्या वर तापत नाही, म्हणून नळ्याची भिंतही फारशी तापत नाही; सकाळी तर ती गारच असते. विटांचे धुराडे हळूहळू तापते, बंबाच्या नळ्याला ती सोय नाही. म्हणजे जी युक्ती पाणी लवकर तापवते, तीच डांबरही जमवते. थर वाढला की वाट अरुंद होते, धूर ओढला जात नाही, विस्तव कोंडतो. कोंडलेला विस्तव अधिक धूर करतो आणि थर आणखी वाढतो. शिवाय काजळी उष्णता पाण्यापर्यंत पोचू देत नाही, त्यामुळे जळणही अधिक लागते.

यात दोन धोके आहेत. पहिला आगीचा. हा थर स्वतःच जळण आहे. एखाद्या दिवशी जाळ भडकला की बंबावर जोडून छपराबाहेर नेलेल्या पत्र्याच्या नळीत तो पेट घेतो, घोंघों असा आवाज होतो आणि ठिणग्या उडतात. लाकडी वासे आणि भिंतीला भिंत लागलेली घरे असल्यास पुढचे सांगावयास नको. अशा वेळी खालून हवा येण्याची वाट बंद करावी, माणसे बाहेर काढावीत आणि १०१ क्रमांकावर अग्निशामक दलास कळवावे. तापलेल्या धुराड्यात पाणी ओतू नये. वाफ एकदम उसळते आणि विटांची भिंत तडकते.

दुसरा धोका दिसत नाही. कोंडलेल्या विस्तवातून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तात तो प्राणवायूची जागा घेतो. डोके दुखते, मळमळते, आणि बंद न्हाणीघरात माणूस बेशुद्ध पडून दगावतोही. म्हणून बंब पेटता असताना खिडकी उघडी असलीच पाहिजे.

उपाय कुंच्यापासून नव्हे, विस्तवापासून सुरू होतो. गुऱ्हाळावर ओले चिपाड चुलाणात कोणी घालत नाही. आधी ते उन्हात वाळवतात. तोच नियम घरी पाळावा. ताज्या तोडलेल्या लाकडात जवळजवळ निम्मे वजन पाण्याचे असू शकते. ते पाचव्या हिश्श्याच्या खाली आले म्हणजे लाकूड जाळण्याजोगे झाले. बंबफोड बारीक असावी, राख वेळेवर काढावी, जाळ लहान पण लखलखीत ठेवावा. रंग दिलेले लाकूड आणि प्लास्टिक कधीही घालू नये.

थर पाव इंच होण्यापूर्वीच सफाई करावी. विस्तव पूर्ण विझून बंब गार झाल्यावर, नाकाला फडके बांधून, ताठ कुंचा वरून खाली फिरवावा. काचेसारखा चकचकीत झालेला थर कुंच्याने निघत नाही. ठोकून तांबे चेपवण्यापेक्षा जाणत्या कारागिराकडे न्यावे, आणि पत्र्याची नळी तशी झाली असल्यास ती बदलावी. सफाईनंतर बंबात पाणी भरल्यावाचून जाळ करू नये. नाहीतर सांध्यांचा डाक सुटतो.

धुराड्याची चूल आपल्याकडे नवी नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत ‘मगन चूल’ तयार झाली. पुढे १९८३ पासून २००२ पर्यंत सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम चालला. कित्येक चुली मागे पडल्या, त्याचे एक कारण देखभालीचा अभाव हे होते. धुराडे बसवणे एका दिवसाचे काम, ते मोकळे ठेवणे वर्षानुवर्षांचे.

त्यासाठी हेच दिवस योग्य आहेत. मृगाचा पाऊस पडण्यापूर्वी लाकूड फोडून आडोशाला, पण हवेशीर रचावे, आणि नळा एकदा डोळ्यांनी पाहावा. पुढे पावसाळ्यात न्हाणीघरात धूर कोंडला नाही, तर हा अर्ध्या दिवसाचा खटाटोप सार्थकी लागला असे समजावे.