डीझेल एंजिनातील आवाज व दोषनिदान

लहान डीझेल एंजिनाच्या नेहमीच्या आवाजात झालेला बदल हे बहुधा त्याच्यातील दोषाचे पहिले लक्षण असते. हा बदल कोणत्या परिस्थितीत वाढतो वा कमी होतो हे तपासून व त्याचा एंजिनाच्या आवर्तनाशी असलेला संबंध ठरवून दोषाचे स्थान व स्वरूप निश्चित करणे, यास आवाजावरून दोषनिदान म्हणतात. शेतीचे पंप, विद्युत् जनित्रे, पॉवर टिलर, मासेमारीच्या लहान नौका इत्यादींवर वापरल्या जाणाऱ्या एका सिलिंडराच्या, चार धावांच्या एंजिनांचा येथे मुख्यतः विचार केला आहे. महाराष्ट्रात अशी एंजिने ‘ऑइल एंजिन’ या नावाने परिचित असून त्यांच्या निर्मितीसाठी किर्लोस्कर ऑइल एंजिन्स ही कंपनी पुणे येथे १९४६ मध्ये स्थापन झाली.

नेहमीचा आवाज : रूडोल्फ डीझेल यांनी १८९७ मध्ये यशस्वी करून दाखविलेल्या एंजिनात इंधन ठिणगीने पेटत नसून संपीडनाने तापलेल्या हवेत आपोआप पेटते. इंधनाचे अंतःक्षेपण सुरू झाल्यापासून ते प्रत्यक्ष पेटेपर्यंत थोडा काळ जातो, त्यास प्रज्वलन विलंब म्हणतात. या काळात सिलिंडरात साचलेले इंधन एकदम पेटते, दाब झपाट्याने वाढतो व ठोका ऐकू येतो. म्हणून डीझेल एंजिनात काही प्रमाणात ठोका असणे स्वाभाविकच आहे. प्रत्येक एंजिनाचा निरोगी स्थितीतील आवाज वेगळा असल्याने आवाज किती मोठा आहे यापेक्षा तो किती बदलला आहे हे महत्त्वाचे ठरते.

आवर्तनाशी संबंध : चार धावांच्या एंजिनात भुजादंडाच्या दर दोन फेऱ्यांत एकदा ज्वलन होते आणि प्रत्येक झडप एकदा उघडते. मिनिटास १,५०० फेरे करणाऱ्या एंजिनात भुजादंड सेकंदास २५ वेळा फिरतो, तर ज्वलन १२·५ वेळा होते. इतके ठोके कानाने मोजता येत नाहीत. पण वेग ६०० फेऱ्यांवर आणल्यास ज्वलन सेकंदास ५ वेळा होते व आवाजाची लय ओळखता येते. या लयीशी न जुळणारा आवाज बहुधा एंजिनाबाहेरचा असतो. उदा., २० सेंमी. व्यासाच्या कप्पीवरून १,५०० फेऱ्यांना चालणाऱ्या पट्ट्याचा वेग सेकंदास सु. १५·७ मी. असतो. पट्टा ६ मी. लांबीचा असेल, तर त्याचा जोड कप्पीवरून सेकंदास २ ते ३ वेळाच जातो. एवढ्या संथ गतीने येणारी टपटप पट्ट्याच्या जोडाची असते. तिच्यासाठी एंजिन उघडण्याचे कारण नाही.

ज्वलनाचे आवाज : प्रज्वलन विलंब वाढला की ठोका तीव्र व कर्कश होतो. अंतःक्षेपण वाजवीपेक्षा लवकर होणे, इंधनाचा सीटेन अंक कमी असणे, एंजिन थंड असणे, संपीडन कमी होणे आणि अंतःक्षेपकाच्या नोझलमधून इंधनाचे नीट तुषार न होता थेंब गळणे, ही त्याची मुख्य कारणे होत. नोझल गळत असल्यास ठोक्याबरोबर निष्कास धूर काळा येतो. थंड एंजिनातील ठोका तापल्यावर सौम्य झाला, तर तो सामान्यतः चिंतेचा नसतो. इंधन बदलल्यावर ठोका सुरू झाला असल्यास प्रथम इंधन तपासावे. नळीत हवा शिरल्यास ज्वलन मधूनमधून चुकते आणि आवाजात खंड पडतो; गतिनियंत्रक अडखळत असल्यास आवाज लाटेसारखा चढतो व उतरतो.

यांत्रिक आवाज : झीज झाली की दोन भागांमधील मोकळीक वाढते आणि भाराची दिशा उलटताना ते एकमेकांवर आदळतात. भाग जितका जड व खोल, तितका त्याचा आवाज सामान्यतः ढाल्या स्वराचा असतो.

(१) टॅपेट व झडप यांमधील मोकळीक वाढल्यास हलकी, नियमित टिकटिक एंजिनाच्या माथ्याजवळ ऐकू येते. ती निर्मात्याने सांगितलेल्या मापाच्या पातीने तपासून दुरुस्त करता येते. मोकळीक मुळीच न ठेवल्यास टिकटिक थांबते, पण झडप पुरती मिटत नाही आणि जळते. म्हणून आवाज नाहीसा करणे हे दुरुस्तीचे उद्दिष्ट मानू नये.

(२) दट्ट्या व सिलिंडर यांमधील मोकळीक वाढल्यास दट्ट्या भिंतीवर आपटतो. हा पोकळ आवाज थंडीत मोठा असतो व दट्ट्या तापून प्रसरण पावल्यावर कमी होतो.

(३) दट्ट्याची खीळ सैल झाल्यास तीक्ष्ण, धातूचा, बऱ्याचदा जोडीने येणारा ठोका ऐकू येतो. तो कमी वेगात अधिक स्पष्ट असतो.

(४) संयोग दांड्याच्या मोठ्या टोकाचा धारवा झिजल्यास भाराखाली जड ठोका येतो. तेल तापून पातळ झाल्यावर तो वाढतो. वंगणाचा दाब कमी होतो आणि तेलात धातूचे चकाकणारे कण दिसतात. मुख्य धारव्याचा ठोका याहूनही खोल असून तो पायाच्या हादऱ्यातही जाणवतो.

(५) प्रचक्राची चावी सैल झाली, तर तिचा ठोका मोठ्या टोकाच्या ठोक्यासारखाच ऐकू येतो. या साम्यामुळे चांगले धारवे विनाकारण काढले जातात. म्हणून एंजिन उघडण्यापूर्वी प्रचक्र, कप्पी व पायाचे बोल्ट तपासावेत.

यांखेरीज फुसफुस हा आवाज संपीडित वायूच्या गळतीचा असतो. अंतःक्षेपकाच्या बैठकीभोवती किंवा सिलिंडर माथ्याच्या सांध्यावर साबणाचे पाणी लावल्यास बुडबुडे दिसतात. भुजापेटीच्या श्वासनळीतून धूर जोराने येत असल्यास दट्ट्याच्या कड्या झिजलेल्या असण्याचा संभव असतो.

निदानाची पद्धत : एका वेळी एकच गोष्ट बदलावी व आवाजावर होणारा परिणाम पाहावा. भार, वेग, तापमान आणि इंधन हे चार घटक या क्रमाने तपासणे सोयीचे असते. प्रथम पट्टा उतरवून एंजिन रिकामे चालवावे. आवाज थांबला, तर दोष पंपात, पट्ट्यात किंवा भाराखालील धारव्यात आहे. त्यानंतर इंधन बंद करून एंजिन आपोआप थांबेपर्यंत ऐकावे. इंधन तुटताक्षणी नाहीसा होणारा ठोका बहुधा ज्वलनाचा असतो. मंद होऊनही टिकणारा ठोका यांत्रिक असतो. मात्र इंधन तुटल्यावर सांध्यांवरील भारही घटत असल्याने केवळ या एका चाचणीवर निष्कर्ष काढू नये. अखेरीस एंजिन पूर्ण थांबवून, संपीडन मोकळे करून, प्रचक्र हाताने मागेपुढे हलवावे. प्रचक्र हलते पण भुजादंड हलत नाही, असे आढळल्यास चावी सैल आहे. भुजादंड हलूनही दट्ट्या स्थिर राहतो, असे आढळल्यास संयोग दांड्याच्या सांध्यांत झीज आहे. दट्ट्या वरच्या टोकापाशी असताना तो क्षणभर स्वभावतःच जवळजवळ स्थिर असतो. म्हणून ही तपासणी धावेच्या मध्याजवळ करावी.

आवाजाचे स्थान शोधण्यासाठी फ्रेंच वैद्य लेनेक यांनी १८१६ मध्ये शोधलेल्या स्टेथॉस्कोपाचेच तत्त्व उपयोगी पडते. लाकडी दांड्याचे एक टोक एंजिनाच्या स्थिर भागावर व दुसरे कानाजवळ धरल्यास आतील ठोका स्पष्ट ऐकू येतो. ध्वनी लोखंडातून दूरवर जात असल्याने अनेक जागा तपासून तुलना करावी लागते. कंपनमापकाने घेतलेल्या संकेताचे कंप्रतेनुसार पृथक्करण केल्यास वरील लय आकड्यांत मिळते. १,५०० फेऱ्यांच्या एंजिनात १२·५ हर्ट्झ व तिच्या पटींतील कंपने ज्वलन व झडपा यांच्याशी, तर २५ हर्ट्झ व तिच्या पटींतील कंपने भुजादंड व प्रचक्र यांच्याशी निगडित असू शकतात. २५ हर्ट्झ ही १२·५ ची पटही असल्याने येथेही इतर लक्षणे पाहावीच लागतात.

सावधगिरी : चालू एंजिनाच्या प्रचक्राजवळ व पट्ट्याजवळ सैल कपडे वा दांडा नेऊ नये. अंतःक्षेपकातून सुटणारी इंधनाची धार त्वचा भेदून आत शिरते. जखम सूक्ष्म दिसली, तरी ती गंभीर असून तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते. म्हणून गळती हाताने चाचपू नये. बंद पंपघरात एंजिन चालवून बराच वेळ आवाज ऐकत बसणे विषारी निष्कास वायूंमुळे धोक्याचे आहे.

जड धातूचा ठोका अचानक सुरू होऊन वंगणाचा दाब घसरला, तर पाण्याची पाळी पुरी होईपर्यंत न थांबता इंधन तत्काळ बंद करावे. धारव्याच्या पात्या वेळीच बदलल्यास दुरुस्ती तेवढ्यावर भागते. संयोग दांड्याचा बोल्ट तुटल्यास दांडा भुजापेटी फोडून बाहेर येतो आणि एंजिन निकामी होऊन जवळच्या माणसाच्या जिवावर बेतू शकते. दुरुस्तीनंतर सुरू करताच माथ्याजवळ कडक ठोका येत असेल, तर झडप दट्ट्यावर आदळत असण्याची शक्यता असते. तेव्हाही एंजिन लगेच थांबवावे. इंधन बंद करूनही वेग वाढतच राहिला, तर एंजिन स्वतःचे वंगण जाळीत असते. अशा वेळी प्रचक्राच्या पातळीत उभे न राहता हवेचा मार्ग सपाट फळीने बंद करावा. हात वापरू नये.

नोंद ठेवणे : एंजिन नवे असताना व प्रत्येक दुरुस्तीनंतर ठरावीक वेगाला व भाराला त्याचा आवाज ऐकून ठेवावा, शक्य असल्यास ध्वनिमुद्रित करावा. तेलाचा दाब, धुराचा रंग व चालण्याचे तास यांची नोंदही सोबत ठेवावी. ध्वनिरोधक पेटीत बसविलेल्या जनित्रांच्या बाबतीत बारीक बदल बाहेर ऐकू येत नाहीत. त्यामुळे अशा नोंदींवरच अधिक विसंबावे लागते.