नोट छापायची कोणी? नाशिकरोडचे प्रेस कामगार आणि परदेशी छपाई

सरकारी सेवेचे काम देशाबाहेरच्या कंपनीकडे सोपवण्याची पद्धत, म्हणजे ऑफशोअरिंग, संगणकयुगातील मानली जात असली तरी नाशिकरोडचा इतिहास नेमका उलट दिशेने सुरू होतो. भारताची टपाल तिकिटे लंडनची डी ला रू ही कंपनी छापत असे. ते काम मायदेशी आणण्यासाठी १९२५ मध्ये येथे इंडिया सिक्युरिटी प्रेस हा छापखाना उभा राहिला, १९२८ पासून येथे नोटा छापल्या जाऊ लागल्या, आणि १९४८ मध्ये पाकिस्तानसाठीच्या नोटाही येथूनच गेल्या.

पुढे १९९७-९८ मध्ये नोटांची टंचाई निर्माण झाली, तेव्हा शंभराच्या २०० कोटी आणि पाचशेच्या १६० कोटी, म्हणजे एकूण एक लाख कोटी रुपयांच्या नोटा अमेरिका, ब्रिटन व जर्मनीतील कंपन्यांकडून छापून घेण्यात आल्या. ब्रिटनची कंपनी होती तीच डी ला रू. संसदेच्या सार्वजनिक उपक्रमविषयक समितीने २०१० मध्ये या निर्णयाबद्दल तीव्र चिंता व्यक्त केली, कारण जादा नोटा छापल्या गेल्या असत्या तर देशाची अर्थव्यवस्थाच वेठीला धरली गेली असती.

नोटांची छपाई देशातच हवी, हा सार्वभौमत्वाचा युक्तिवाद कामगार संघटनांना सोयीचा आहे. पण तो एकटा पुरत नाही. नाशिकरोडच्या याच प्रेसची मोडीत निघालेली यंत्रे तेलगी नावाच्या घोटाळेबाजाच्या हाती लागून बनावट मुद्रांकांचा घोटाळा झाला, त्यामुळे सरकारी मालकी आणि अभेद्य सुरक्षा यांचे समीकरण आपोआप सिद्ध होत नाही. ब्रिटनमध्ये २०१८ साली पासपोर्ट छपाईचे कंत्राट डी ला रूऐवजी जेमाल्टो या युरोपीय कंपनीला मिळाले, तेव्हा डी ला रूच्या गेट्सहेड येथील कारखान्यातील नोकऱ्यांसाठी युनाइट ही कामगार संघटना लढली. राष्ट्राभिमानाची हाक तिथेही होती, तरी छपाई पोलंडला गेली. शतकभर इतरांची कामे घेणाऱ्या कंपनीच्या कामगारांवर हीच वेळ यावी, यातला उपरोध नाशिककरांच्या नजरेतून सुटण्यासारखा नाही.

म्हणून नाशिकरोडच्या मजदूर संघाने लावून धरलेली नव्या यंत्रांची मागणी अधिक वजनदार ठरते: मुळात टंचाईमुळेच काम बाहेर गेले होते, त्यामुळे ते पुन्हा बाहेर जाऊ नये यासाठी क्षमता दाखवणे हाच खरा प्रतिकार. २००६ मध्ये चार टांकसाळी, चार छापखाने आणि एक कागद कारखाना मिळून सरकारी महामंडळ झाले, तेव्हा प्रश्नाचे रूप पालटले. काम देशातच राहिले, पण ते करणारा माणूस सरकारी नोकर राहणार का आणि त्याच्या निवृत्तिवेतनाची हमी कोण देणार, हा मुद्दा पुढे आला.

क्षमतेच्या युक्तिवादाची किंमत नोटबंदीत कळली. नोव्हेंबर २०१६ नंतर छापखाने सुट्ट्या रद्द करून चालले. त्याच वर्षी डिसेंबरअखेर पश्चिम बंगालमधील सालबोनी येथे रिझर्व्ह बँकेच्या उपकंपनीच्या छापखान्यातील कामगारांच्या एका गटाने, प्रकृतीच्या तक्रारी सांगत, नऊ तासांपेक्षा जास्त काम करण्यास असमर्थता कळवली.