शंभरातले दोन

“शंभरांपैकी अठ्ठ्याण्णव रुग्ण सुखरूप घरी जातात,” असे शल्यविशारदांनी शांतपणे सांगितले, आणि मी मनातल्या मनात वजाबाकी करून ‘दोन’ एवढाच आकडा घरी घेऊन आलो. हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेस अद्याप तीन आठवडे अवकाश आहे. वर्षानुवर्षे जोखीम व अनिश्चितता यांतील भेद शिकविणाऱ्या अध्यापकाची ही गत व्हावी, याचे माझे मलाच नवल वाटले.

हा भेद फ्रँक नाइट या अर्थशास्त्रज्ञाने १९२१ साली मांडला. जिची संभाव्यता मोजता येते ती जोखीम, जिची येत नाही ती अनिश्चितता. वर्गात हे वाक्य फळ्यावर लिहून पुढे जाता येते. परंतु शंभरातले दोन हे समूहाचे गणित झाले. टेबलावर निजणारा मनुष्य एकच असतो आणि त्याच्या वाट्याला टक्केवारी येत नाही.

माझी वजाबाकी मात्र अगदीच जगावेगळी नव्हती. १९८२ साली अमेरिकेत ट्वर्स्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. फुप्फुसाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया की किरणोपचार, अशी काल्पनिक निवड त्यांनी लोकांपुढे ठेवली होती. शस्त्रक्रियेतून शंभरांपैकी नव्वद वाचतात, असे सांगितले तेव्हा १८ टक्के लोकांनी किरणोपचार पत्करले; दहा दगावतात, असे सांगितले तेव्हा ४४ टक्क्यांनी. डॉक्टर मंडळीही या चकव्यातून सुटली नाहीत!

आपल्याकडे तर आकडाही रुग्णाच्या कानी पडू नये अशी दक्षता घेतली जाते. “पेशंटला काही सांगू नका,” अशी कुजबुज व्हरांड्यात चालते. उलट भेटीस येणारे आप्त कोणाचे कसे टेबलावरच आटोपले, हे चहा घेता घेता सविस्तर सांगतात. संमतीपत्राचे इंग्रजी कागद लेखनिक पुढे सरकवितो व सहीची जागा बोटाने दाखवितो.

वस्तुतः सांगणे हाही उपचारच आहे. १९६४ साली बोस्टनमधील एका प्रयोगात पोटाच्या शस्त्रक्रियेच्या ९७ रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांना भूलतज्ज्ञाने आधीच सांगून ठेवले की वेदना कोठे होतील, किती काळ राहतील आणि कूस कशी बदलावी. नंतर त्यांना वेदनाशामक औषध इतरांच्या जवळजवळ निम्मेच लागले, आणि ते सरासरी २.७ दिवस आधी घरी गेले.

हे आठवून मी प्रश्नांची यादी केली. जाग येईल तेव्हा घशात नळी असेल, काही तास बोलता येणार नाही, खुणेने सांगावे लागेल, असे भूलतज्ज्ञांनी स्पष्ट सांगितले. ऐकून पत्नीचा चेहरा उतरला; मी मात्र त्या रात्री बऱ्याच दिवसांनी झोपलो. पैशांची विवंचना निराळी, तिला कोणी भूलतज्ज्ञ नाही.

श्वासाच्या व्यायामासाठी तीन चेंडूंचे एक यंत्र मिळाले आहे. सकाळ-संध्याकाळ नळी तोंडात धरून श्वास ओढायचा. दोन चेंडू वर चढतात. तिसरा अद्याप जागचा हलत नाही.