वाचायचा चष्मा डोळा वाचवत नाही

खामगावच्या चांदीकामात, मलकापूर-चिखलीच्या गॅरेजमध्ये आपले अनेक भाऊ राबतात. चाळिशी उलटली की बारीक काम दिसत नाही; मग वाचायचा चष्मा लावूनच आपण ग्राइंडर चालवतो. पण त्याने कडेने उडणारा कण अडत नाही, काचही फुटू शकते.

आधी डोळे तपासून जवळचा नंबर घेऊ. मग दुकानात ‘बायफोकल सेफ्टी चष्मा’ मागू: पॉलिकार्बोनेटचा, कडा झाकणारा, खालच्या भागात आपला नंबर असलेला. त्यावर आयएस ५९८३ किंवा झेड ८७ प्लस ही खूण पाहू. नाहीच मिळाला, तर नंबरच्या चष्म्यावरून बसणारा सेफ्टी गॉगल घालू. वेल्डिंगला मात्र काळी काच वेगळीच लागते.

रोजी हातावर असली, तरी ती डोळ्यांवरच चालते.