रंधा, पाट आणि हिशेब

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. वार्षिक अंकासाठी काहीतरी लिही असे सरांनी सांगितले, तेव्हा आधी कविता लिहावी असे मनात आले. पण गेल्या अंकात पाऊस, प्रेम आणि आई या तीन विषयांवर इतक्या कविता आल्या होत्या की चौथा विषय काही सुचेना. म्हणून जे हाताला येते तेच लिहायचे ठरवले. मला लाकूडकाम येते. थोडेच येते, पण बरेचसे चुकून शिकलेले असल्यामुळे विसरायची भीती नाही.

आजोबा रोह्याजवळच्या एका खेड्यात गावचे सुतार होते. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या ‘गावगाडा’ या ग्रंथात बलुतेदारांची जी हकिगत आली आहे, ती आमच्या घरात कालपरवापर्यंत चालू होती असे म्हणायला हरकत नाही. आजोबांनी नांगर केले, जू केली, दारांच्या चौकटी बसवल्या. पण एका वस्तूची किंमत म्हणून तोंडाने कधी सांगितली नाही. भात झोडून झाले की खळ्यावर जायचे आणि वाट्याचे भात घेऊन यायचे. पुढे बलुते बंद पडले. बाबांनी हत्यारे माळ्यावर टाकली आणि धाटावच्या औद्योगिक वसाहतीत काम धरले. बारावीच्या सुटीत मी ती हत्यारे खाली काढली. करवत, रंधा, तीन पटाश्या, गुण्या, वाकस आणि एक गिरमिट. पटाश्यांवर गंजाचा एवढा थर होता की धार लावण्यातच आठवडा गेला. तो वाया गेला असे मात्र समजू नका. बोथट हत्यार लाकडावर घसरते आणि हातात शिरते. धारदार हत्यार सांगाल तिथेच जाते.

आता लाकडाबद्दल. साग सर्वांत चांगला हे सगळेच सांगतात, पण शिकाऊ माणसाने सागाला हात लावू नये, कारण एक फळी बिघडली की खिसा रिकामा होतो. शिवण हलकी असते, रंध्याखाली मऊ लागते आणि फारशी वाकत नाही. फणसाचे लाकूड ताजे असताना हळदीसारखे पिवळे दिसते आणि वर्षे जातील तसे तांबूस तपकिरी होत जाते. आंबा स्वस्त, पण त्याला किडा लवकर लागतो. फळीखाली बारीक भुसा पडलेला दिसला की समजावे. या सगळ्यांहून चांगला माल म्हणजे पाडलेल्या जुन्या घरांचे वासे आणि दारे. ते लाकूड पन्नास-साठ पावसाळे काढून बसलेले असते, त्याला आता नवीन काही करायचे नसते. फक्त आत मोडून राहिलेले खिळे नीट शोधावेत. माझ्या रंध्याच्या पात्याला त्याचा प्रसाद मिळाला आहे.

आमच्या कोकणात लाकडाची खरी परीक्षा पाटावर होते. पेण गणेशमूर्तींसाठी प्रसिद्ध आहे. हमरापूर, जोहे या तिथल्या गावांतून मूर्ती देशभर आणि परदेशातही जातात. पण अनेक घरांतून अजूनही आपला पाट कारखान्यात नेऊन देण्याची पद्धत आहे. मूर्ती त्या पाटावरच घडते आणि चतुर्थीला त्याच पाटावरून घरी येते. त्यामुळे पाट ही साधी बसायची वस्तू राहत नाही. माझी पहिली विक्रीही पाटाचीच. शेजारच्या काकूंनी श्रावणात पाट सांगितला. मी फणसाची फळी आणली, दोन तुकडे सरसाने जोडून अठरा इंच लांब आणि पंधरा इंच रुंद पाट केला, खाली दोन आडव्या पट्ट्या सरस लावून आणि स्क्रू आवळून घट्ट बसवल्या. पट्ट्या जितक्या घट्ट तितका पाट मजबूत, अशी माझी समजूत. काकूंनी तीनशे रुपये दिले. गणपती छान पार पडले.

पुढच्या वैशाखात काकू पाट घेऊन दारात उभ्या. मधोमध या टोकापासून त्या टोकापर्यंत चीर गेली होती. “अरे, देवाचा पाट असा उललेला बघून माझ्या पोटात गोळा आला,” एवढेच म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर बरे वाटले असते.

चूक दुहेरी होती. झाड तोडले तरी लाकडात पाणी असते आणि ते जाता जाता लाकूड आकसते. लांबीत ते जवळजवळ आकसत नाही. आकसते ते रुंदीत. त्यातही खोडाच्या वर्तुळांच्या दिशेने कापलेली फळी, मध्यापासून सालीकडे कापलेल्या फळीच्या साधारण दुप्पट आकसते. एक इंच जाडीची फळी सावलीत, मध्ये काड्या घालून, हवा खेळती ठेवून वर्षभर तरी वाळवावी असा ढोबळ नियम आहे. मी आठवड्यात काम उरकले, आणि तेही भर पावसात, जेव्हा वाळलेले लाकूडसुद्धा हवेतले पाणी पिऊन फुगते. पावसाळ्यात घरोघरची दारे अडकतात ती यामुळेच. उन्हाळ्यात पाट आकसू लागला. पण खालच्या पट्ट्यांची लांबी त्याच्या रुंदीला आडवी, त्या तसूभरही हलेनात. मग बिचारे लाकूड फाटेल नाही तर काय करील? जुने सुतार पाटाच्या पोटाला तिरकस कडेची खाच मारून तिच्यात पट्टी सरकवत आणि सरस लावलाच तर फक्त मध्यावर. तेवढे न जमल्यास स्क्रूचे भोक लांबट करावे, म्हणजे पाटाला आकसायला-फुगायला वाव राहतो. आजोबांनी केलेला एक पाट आमच्या देवघरात आहे. तो उलटा करून पाहिला तेव्हा हे सारे मला दिसले. चार वर्षांपूर्वीच उलटा केला असता तर!

काकूंना जुन्या वाशातून नवीन पाट करून दिला. पैशांचा प्रश्नच नव्हता. पण त्या रात्री पहिल्यांदा वहीत हिशेब मांडला. तीनशे रुपयांत लाकूड एकशे ऐंशीचे, सरस, काचकागद, स्क्रू आणि पॉलिश मिळून सत्तर. राहिले पन्नास, आणि काम नऊ तासांचे. म्हणजे तासाला साडेपाच रुपये! अर्थशास्त्राच्या तासाला श्रमाचे मोल शिकत होतो ते दुसऱ्या कोणाचे असावे. खरे सांगायचे तर किंमत सांगताना माझी जीभ वळत नाही. आजोबांना ती कधी सांगावी लागली नाही आणि बाबांचा पगार दुसरेच कोणी ठरवतात. आमच्या घरात हे कोणी शिकवायलाच नव्हते. आता चार पाट एकदम घेतो. मापे, आखणी, हत्यारांची मांडामांड एकदाच होते आणि एका पाटाला सहा तास पुरतात. तासाला साठ रुपये धरून तीनशे साठ, साहित्य अडीचशे, हत्यारांची झीज चाळीस, एकूण साडेसहाशे. “बाजारात प्लायवूडचा याहून स्वस्त मिळतो,” असे म्हणणारे भेटतातच. त्यांना मी पाट उलटा करून पोटाची खाच दाखवतो. निम्मे लोक घेतात, निम्मे हसून जातात.

हाताच्या कामाला गिऱ्हाईक टिकवणे किती अवघड आहे ते पाहायचे तर सावंतवाडीकडे पाहावे. तिथल्या चितारी कारागिरांची लाखकामाची खेळणी, हुबेहूब दिसणारी लाकडी फळे आणि दशावतारी गंजिफा यांना संस्थानाचा आश्रय होता. गंजिफांचा एक डाव एकशे वीस पानांचा. पुढे आश्रय सरला, छापील पत्ते आले आणि कला मोडकळीस आली. तेव्हा शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी १९७१ च्या सुमारास राजवाड्यातच कारागिरांना बसवून ती पुन्हा उभी केली. सत्त्वशीलादेवी स्वतः एका वृद्ध चिताऱ्याकडून गंजिफा रंगवायला शिकल्या. तिथल्या खेळण्यांना पांगाऱ्याचे लाकूड वापरत. ते इतके हलके आणि मऊ की आमच्याकडे त्याला कुंपणापलीकडे कोणी किंमत देत नाही. मला हे फार आवडले.

एक गोष्ट सांगायची राहिली. झाड आपल्या परड्यातले असले तरी साग, खैर, ऐन, आंबा, फणस अशी झाडे परवानगीवाचून तोडता येत नाहीत. १९६४ चा वृक्षतोड नियमन कायदा आहे. स्वस्त लाकूड देतो म्हणणाऱ्याला आधी कागद विचारावा.

बाबा सुरुवातीला म्हणायचे, “कॉलेजात घातला तो पुन्हा रंधा मारायला का?” हल्ली दुसऱ्या पाळीवरून आले की वाटेत थांबतात, पाटावरून तळहात फिरवतात आणि एखाद्या ठिकाणी बोट ठेवून आत जातात. तिथे रंधा पुन्हा मारावाच लागतो.

ज्यांना पुढच्या चतुर्थीसाठी पाट सांगायचा असेल त्यांनी अक्षय तृतीयेच्या आत सांगावा, म्हणजे उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत काम उरकता येईल. श्रावणात आलेल्यांना मी नाही म्हणतो, काकू सोडून.